वाचकांचे प्रश्न : कॅन्सरचा पेशंट घरी असताना

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त तोंडाच्या कॅन्सरची आहेत. ज्या भागात सुपारीच्या दुकानावर गुटख्याच्या माळा लटकतात आणि सकाळची मिश्री अजून सुटलेली नाही, तिथे याचं नवल नाही. कोणतं औषध, किती डोस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत घरच्यांनी काय करायचं, तेवढंच इथे दिलं आहे.

प्रश्न : यजमानांच्या गालाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) चालू आहे. पंधरा झाले, अठरा बाकी आहेत. तोंड आतून सोलल्यासारखं झालंय. भाकरी सोडाच, पाणीही झोंबतं. जेवायला बोलावलं की एकच म्हणतात, "माले भूक नही." काय करू? (यावल तालुका)

ताई, या आजारात "भूक नही" म्हणजे बहुतेक वेळा "गिळवत नाही". म्हणून आधी दुखणं कमी करायचं आणि मग ताट वाढायचं. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध लिहून दिलं असेल तर ते जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. जेवण झाल्यावर दिलेल्या गोळीचा त्या जेवणाला काही उपयोग होत नाही.

शेकाचे फोड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात आणि शेवटपर्यंत वाढत जातात. शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस त्रास तसाच राहतो, मग उतरू लागतो. हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर शेक संपला तरी तोंड तसंच आहे म्हणून माणूस धीर सोडतो. फोडांच्या भीतीने मधले शेक चुकवू नका, खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो.

गुळण्यांचं पाणी असं करा : 1 लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात एक सपाट लहान चमचा मीठ आणि एक सपाट लहान चमचा खायचा सोडा. जागेपणी दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. पाणी रोज नवं करायचं. खानदेशातल्या घरात हमखास होणारी एक चूक म्हणजे सोड्याच्या जागी पापडखार. बिबड्या-पापडांसाठी तो घरात असतोच आणि दिसतोही पांढरा, पण खारटपणात आणि जहालपणात तो वेगळाच. फोडांवर तो घालू नका. तुरटी, लवंगेचं तेल आणि दुकानातलं झोंबणारं माउथवॉशही नको. ब्रश लहान मुलांचा, मऊ घ्या. जीभ किंवा गालावर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते. त्याला वेगळं औषध लागतं, ते लगेच दाखवा.

आता ताट. काळ्या मसाल्याची शेवभाजी, ठेचा, लिंबू, टोमॅटो आणि कडक भाकरी हे सगळं दोन-तीन महिने बाजूला ठेवा. दादरच्या (ज्वारीच्या) कण्या मऊ शिजवून दुधात घोटून द्या. घट्ट वरण-भात तुपासह मिक्सरमधून काढा. पिकलेलं केळं दुधात कुस्करून द्या. तुमच्या यावल-रावेरात त्याची काय कमी! अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून, वरणात घोटून. सगळं कोमट हवं. वरणाचं नुसतं वरचं पाणी देऊ नका, पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 1800 उष्मांक आणि सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिनं तरी लागतात. म्हशीचं पाव लिटर दूध म्हणजे 270 च्या आसपास उष्मांक, एक मोठा चमचा तेल किंवा तूप म्हणजे सव्वाशेच्या घरात. म्हणून साध्या पाण्याऐवजी दूध आणि प्रत्येक वाटीत एक चमचा तूप. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करा. आठवड्यात एक-दीड किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

बाहेरून गालावर हळद, खोबरेल, पावडर काही लावू नका आणि वस्तऱ्याने दाढी बंद. तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र दुखत असलं तरी रोज हवा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि किती मावतात ते लिहून ठेवायचं. आज आठ काड्या मावल्या आणि पुढच्या आठवड्यात सहाच मावल्या, तर जबडा आवळतोय. तो एकदा आवळला की पुन्हा सैल करणं फार कठीण जातं.

प्रश्न : आबांना नाकातून नळी टाकून घरी पाठवलंय. सिस्टरने एकदा दाखवलं, पण घरी आल्यावर हात थरथरतो. नळी दोनदा तुंबली. खाली काय आणि कसं सोडायचं ते क्रमाने सांगा. (पारोळा)

भाऊ, हात थरथरणं पहिल्या चार दिवसांचं. पाचव्या दिवशी तुम्हीच दुसऱ्याला शिकवाल. मात्र क्रम मोडायचा नाही.

नाकपुडीजवळ नळीवर पेनाची किंवा चिकटपट्टीची खूण असते. प्रत्येक वेळी आधी ती खूण जागेवर आहे का ते पाहा. मग तोंड उघडायला लावून घशात नळीचं वेटोळं पडलं नाही ना, ते पाहा. खूण बाहेर सरकली असेल, आबांना सारखा खोकला येत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर काही सोडू नका, दवाखान्यात फोन करा. नळीचं तोंड पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही.

आबांना बसवा. बसवत नसेल तर पाठीमागे गादी-उशा लावून धड किमान 45 अंश वर उचला. आडवं झोपवून कधीच सोडू नका, अन्न उलट येऊन फुफ्फुसात जाण्याचा सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो. नळी बोटांत दुमडून धरा, मग झाकण उघडा, म्हणजे हवा आत जात नाही. 50 मिलिची सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावा. आधी 30 मिलि कोमट पाणी, मग अन्न. सिरिंज आबांच्या डोक्याच्या उंचीवर धरली की ते आपोआप उतरतं. दट्ट्याने ढकलायचं नाही. पाव लिटर उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागायला हवीत. पाच मिनिटांत उतरलं तर तासाभरात उलटी किंवा जुलाब ठरलेले. फार भरभर जात असेल तर हात थोडा खाली करा, अडत असेल तर थोडा वर. सिरिंज पूर्ण रिकामी होण्याआधी पुढचं ओता. शेवटी 30 ते 50 मिलि पाणी, नळी दुमडून झाकण. त्यानंतर तासभर तसंच बसवून ठेवा. मध्येच जोराचा खोकला आला, दम लागला किंवा ओठ निळसर दिसले तर जागेवर थांबा, नळी दुमडा आणि दवाखाना गाठा.

एका वेळचं अन्न असं : म्हशीचं दूध 200 मिलि, फुटाण्याच्या डाळीचं बारीक पीठ 1 मोठा चमचा, साखर 2 लहान चमचे, शेंगदाण्याचं तेल 1 लहान चमचा. पीठ दुधात शिजवा, मिक्सरमधून फिरवा आणि धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक येतात. असं दिवसातून सहा वेळा, दर अडीच-तीन तासांनी. दोन वेळा दुधाऐवजी वरण-भात-तेल घोटून, गाळून द्या. साखरेचा आजार असेल तर साखर वगळून आधी विचारा. मे महिन्यात तयार अन्न ओट्यावर तासाभराहून जास्त ठेवू नका, नासल्याचा वास येण्याआधीच ते बिघडलेलं असतं. फ्रिजमधलं असेल तर कोमट करून द्या, थेट गार नको.

तुमची नळी दोनदा तुंबली, त्याचं कारण जवळपास नक्की गोळ्याच असणार. गोळीची पूड अन्नात कालवली की गुठळी होते. प्रत्येक गोळी वेगळी, खलबत्त्यात मैद्यासारखी बारीक करून 15 मिलि पाण्यात विरघळवायची आणि दोन गोळ्यांमध्ये 10-15 मिलि पाणी सोडायचं. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) अशी अक्षरं आहेत किंवा जिच्यावर जाड आवरण आहे, ती कुटायची नाही. डॉक्टरांकडून तिचा पर्याय घ्या. तरीही तुंबलीच तर 20 मिलि कोमट पाणी सिरिंजने हलक्या हाताने आत-बाहेर करा, नळी बोटांत चोळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा करा. तार घालू नका, जोर लावू नका. नळी बाहेर आली तर ती स्वतः आत सारायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

तोंडाने काही जात नसलं तरी गुळण्या आणि ब्रश चालूच ठेवा. अन्न नळीतून जातं, जंतू तोंडातच राहतात.

प्रश्न : आईला किमो सुरू आहे. दुसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी अंग तापलं, क्रोसिन दिली, उतरला. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर रागावले. एवढ्या उन्हाळ्यात अंग तर सगळ्यांचंच तापतं ना? (जळगाव)

रागावले ते योग्यच. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, झाला की ती तातडीची वेळ. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पेशी कमी असल्या की पू होत नाही, सूज येत नाही. ताप ही एकच खूण उरते आणि क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलने ती पुसली जाते. जंतू रक्तात पसरतच राहतो. गोळी द्यायची तर डॉक्टरांशी बोलल्यावर.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र खरा आहे. पारा 44-45 वर गेलेल्या जळगाव-भुसावळात पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेला पाऱ्याचा थर्मामीटर झटकून खाली आणला तरी बघता बघता वर चढतो, कधी फुटतोही. डिजिटल घ्या आणि तो घरातल्या सगळ्यात गार कोनाड्यात, माठाजवळ ठेवा. आईला सावलीत, पंख्याखाली वीस मिनिटं बसू द्या. कूलरच्या झोतात किंवा गार पाणी प्यायल्यावर लगेच मोजू नका. काखेतला घाम पुसून, हात अंगाला घट्ट लावून, बीप होईपर्यंत थांबा. काखेतला आकडा आतल्यापेक्षा कमी येतो, त्यामुळे 100 दिसलं तर त्याला "थोडंच आहे" म्हणायचं नाही. लगेच फोन करून विचारा. उन्हाची काहिली सावलीत उतरते, ताप उतरत नाही. थंडी वाजून अंग थरथरलं, भोवळ आली, लघवी कमी झाली, तर आकडा न पाहता निघा.

एक पिशवी दाराजवळ तयार ठेवा : डिस्चार्ज कार्ड, शेवटच्या किमोची तारीख आणि औषधाचं नाव, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट), आधार, आरोग्य योजनेचे कागद. रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर आधीच बोलून ठेवलेले असावेत. कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य हेच : "किमो होऊन दहा दिवस झालेत, ताप आहे, पांढऱ्या पेशी बघा." नुसतं "ताप आलाय" म्हटलं तर मे महिन्याच्या रांगेत तुम्ही विसावे असता.

पेशी कमी असलेल्या या आठवड्यात कच्ची कोशिंबीर, उसाचा रस, बाहेरची कुल्फी नको. केळं चालतं, साल आपल्या हाताने काढलेली असते. कूलरचं पाणी रोज बदला.

प्रश्न : बापूंना मणक्यात खूप दुखतं. डॉक्टरांनी मॉर्फिन सांगितलंय. काका म्हणतात, ती अफू आहे, सवय लागेल, आणि एकदा सुरू केली म्हणजे शेवट आला. (शिरपूर)

अफूपासूनच होते, काकांचं तेवढं बरोबर. पुढचं चूक. दुखण्यासाठी, वेळेवर, डॉक्टरांच्या हिशोबाने घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. ती सुरू होते कारण दुखणं मोठं आहे. दुखणं कमी झालं तर तिचा डोस उतरवतात आणि बंदही करतात. आपण होऊन एकदम थांबवायची मात्र नाही.

ती दर केमिस्टकडे मिळत नाही. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 2014 साली बदल झाला आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं. तरी संपायच्या चार-पाच दिवस आधीच पुढची सोय करा, गोळ्यांच्या शेवटच्या पाकिटावर धावपळ नको.

साध्या मॉर्फिनची गोळी चार तास चालते. म्हणून वेळा अशा : सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. रात्री दोनला उठवायला नको म्हणून पुष्कळ डॉक्टर दहाचा डोस दुप्पट लिहितात. लिहिला असेल तरच तसा द्या. "दुखलं की देऊ" असं करू नका. दुखणं एकदा चढलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. मधेच उसळलं तर काय द्यायचं, हे कागदावर लिहून घ्या. वहीत तीनच रकाने करा : वेळ, डोस, दुखणं शून्य ते दहापैकी किती. ही वही पाहून डॉक्टर पाच मिनिटांत डोस ठरवू शकतात.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी, आठवडाभर मळमळ, मग दोन्ही उतरतात. बद्धकोष्ठता मात्र उतरत नाही. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू हवं. डॉक्टर ते लिहायला विसरले तर तुम्ही आठवण करा. नुसत्या इसबगोलावर राहू नका. पाणी कमी पडलं तर ते आत घट्ट गोळा होऊन बसतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करा. हाका मारूनही जाग येत नाही आणि मिनिटाला श्वास आठ-दहाच्या खाली आलाय, अशी वेळ आली तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच दवाखाना.

गोळीऐवजी फेंटानिलची पट्टी लावलेली असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका आणि उन्हात बसवू नका. उष्णतेने औषध अंगात जास्त उतरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विसरून चालणार नाही. आणि सगळं कुलपात. घरात लहान मुलं असतात.

प्रश्न : सासूबाईंच्या छातीची गाठ फुटली आहे. वासामुळे त्या स्वतःच कुणाला जवळ येऊ देत नाहीत. (नंदुरबार जिल्हा)

वास मेलेल्या मांसावर वाढणाऱ्या जंतूंचा आहे, अस्वच्छतेचा नाही. त्यांना हे शब्दांत सांगा, त्यांचा निम्मा संकोच तिथेच आहे.

अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात एक सपाट लहान चमचा मीठ. जुनं फडकं चिकटलं असेल तर या पाण्याने दहा मिनिटं भिजवा, मगच काढा. कोरडं ओढलं की रक्त येतं, घरात होणारा बहुतेक रक्तस्राव याच घाईचा असतो. जखम घासू नका, वरून पाण्याची धार सोडा. डेटॉल, सॅव्हलॉन, हळद काही नको. वासासाठी मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकतात. साधी, स्वस्त गोळी, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. वर जुन्या सुती लुगड्याचे तुकडे : धुऊन, वाळवून, स्टीलच्या डब्यात भरून कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवलेले. बाजारच्या गॉजपेक्षा मऊ आणि जवळपास फुकट. खाटेखाली थाळीत लाकडी कोळसा ठेवा, खोलीतला वास कमी होतो. उदबत्ती लावू नका, दोन वास मिसळून मळमळ वाढते.

माशा बसू देऊ नका, दिवसाही मच्छरदाणी लावा. अळ्या दिसल्याच तर लाजून लपवू नका, नर्स ते नीट काढतात. रक्त आलं तर गार मिठाच्या पाण्यात भिजवलेली घडी पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर ते थांबणार नाही. गडद रंगाचा टॉवेल हाताशी ठेवा, पांढऱ्यावर चमचाभर रक्तही वाटीभर दिसतं.

प्रश्न : सातपुड्याकडच्या एका वैदूची पुडी किमोसोबत चालेल का? (चोपडा)

पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. किमोची बरीच औषधं यकृत-मूत्रपिंडावरून जातात, त्यांच्यावर आणखी एक अनोळखी ओझं टाकू नका. आधीच दिली असेल तर लपवू नका, पुडीच डॉक्टरांना दाखवा. रिपोर्ट बिघडला की कारण शोधताना तीच आधी उपयोगी पडते.

प्रश्न : मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दर तीन आठवड्यांनी जावं लागतं. भाड्यातच घर मोडतंय. (भुसावळ)

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला याच डब्यांत 75 टक्के. त्यासाठी दवाखान्याने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र लागतं. ते पहिल्याच खेपेला मागून घ्या आणि आरक्षणाच्या खिडकीवर दाखवून तिकीट काढा. टाटाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्या दिवशीच नाव घाला, धर्मशाळेची चिठ्ठीही तिथूनच मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्ही ठिकाणी जागा आधी विचारूनच निघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते भुसावळातच तपासा. "सुभाष" आणि "सुभास" एवढ्यावर मंजुरी अडते. भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) भेटा, मंजुरी आधी लागते.

गाडीत खालचाच बर्थ मागा. पेशी कमी असताना मास्क लावा. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरा. परळ तिथून जवळ आहे.